रोज एक शाईचित्र: ऑक्टोबरच्या एकतीस दिवसांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर संपत आला की बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील चित्रप्रेमी मित्रमंडळींमध्ये रोज शाईने एक चित्र काढण्याच्या उपक्रमाची चर्चा सुरू होते आणि दरवर्षी साधारण तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. गेली काही वर्षे हा महिना मी स्वतः पाळत आलो आहे. त्या अनुभवातून आणि सोबत चित्रे काढणाऱ्यांशी झालेल्या बोलण्यातून तयार झालेली ही उत्तरे आहेत.

हा उपक्रम मुळात कोणाचा आणि त्याचे नियम काय आहेत?

जेक पार्कर या अमेरिकन चित्रकाराने शाईकामावर स्वतःचा हात बसावा म्हणून २००९ साली ऑक्टोबर महिनाभर रोज एक शाईचित्र काढायचे ठरवले. ‘इंकटोबर’ या नावाने ती कल्पना पुढे जगभर पसरली. ३१ दिवस आणि ३१ चित्रे, एवढाच मूळ नेम आहे. २०१६ पासून दरवर्षी प्रत्येक दिवसासाठी एक शब्द सुचवणारी यादीही प्रसिद्ध होऊ लागली, परंतु ती यादी पाळणे बंधनकारक नाही. ज्यांना रोज जमणार नाही त्यांनी एक दिवसाआड किंवा आठवड्यातून एक चित्र काढावे, अशी मुभा मूळ उपक्रमातच दिलेली आहे. प्रवेशअर्ज नाही, परीक्षक नाहीत आणि क्रमांकही नाहीत.

मला चित्रकला फारशी येत नाही. मी भाग घ्यावा का?

अवश्य घ्यावा. ज्याला बऱ्यापैकी चित्र येते त्याची बरीच शक्ती पहिल्या आठवड्यात जुन्या सवयी आणि सफाई सांभाळण्यात खर्च होते. नवशिक्याला सांभाळण्यासारखे काही नसल्यामुळे तो समोरची वस्तू अधिक प्रामाणिकपणे पाहतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. आपली पहिली पाच चित्रे मात्र कोणालाही दाखवू नयेत आणि स्वतःही पुन्हा पाहू नयेत. सहाव्या दिवशी ती एकत्र पाहावीत.

पेन्सिल चालत असताना शाईचाच आग्रह कशासाठी?

हा या सर्व प्रश्नांतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. पेन्सिलची रेघ पुसता येते, त्यामुळे हात निर्णय पुढे ढकलत राहतो. एकाच कडेवर चार-पाच पुसट रेघा मारून त्यांतील कोणती खरी हे ठरवण्याचे काम आपण पाहणाऱ्यावर सोपवतो. शाईत तशी सोय नाही. रेघ कागदावर टेकण्यापूर्वी ती कोठून सुरू होणार, कोठे वळणार आणि कोठे थांबणार हे मनात पक्के करावे लागते आणि ते पक्के करण्यासाठी समोरच्या वस्तूकडे नीट पाहावे लागते. रोज शाईने काढण्याचा खरा लाभ या पाहण्यात आहे. महिन्याच्या अखेरीस हात किती सुधारला हे प्रत्येकाच्या बाबतीत वेगळे असते, परंतु डोळा सुधारला नाही असा मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही.

कोणते पेन घ्यावे?

घरात जे असेल त्याने सुरुवात करावी. साधे काळे जेल पेन किंवा बॉलपेन पहिल्या आठवड्याला पुरेसे आहे. बॉलपेनमध्ये दाब कमी-अधिक करून फिकी आणि गडद अशी दोन्ही प्रकारची रेघ मिळते, हा त्याचा गुण दुर्लक्षित राहतो.

पैसे खर्च करण्याची तयारी असेल तर रेखाटनासाठी मिळणारी रंगद्रव्ययुक्त शाईची फाइनलायनर, म्हणजे बारीक, एकसारख्या रेघेची पेने घ्यावीत. त्यांतील मायक्रॉन या पेनवर ०१, ०३, ०५ असे जे आकडे असतात ते मिलिमीटर नव्हेत. ०१ क्रमांकाची रेघ सुमारे ०.२५ मिलिमीटर, ०३ क्रमांकाची ०.३५ मिलिमीटर आणि ०५ क्रमांकाची ०.४५ मिलिमीटर जाडीची येते. सगळा संच घेण्याची गरज नाही. एक बारीक, एक मध्यम आणि मोठ्या काळ्या जागा भरण्यासाठी एक कुंचला एवढ्यावर संपूर्ण महिना निघतो.

माझे स्वतःचे मत विचाराल तर महिन्यातील किमान चार-पाच दिवस बोरू (बोरूच्या कांबीची लेखणी) किंवा टाक (शाईत बुडवून वापरायची निबची लेखणी) वापरून पाहावा. आपल्याकडची मोडी दप्तरे बोरूनेच लिहिली गेली. तिरका छेद दिलेल्या बोरूची रेघ हात वळेल तशी जाड आणि बारीक होत जाते, एकाच फटकाऱ्यात वळणाला वजन येते आणि शाई संपत आली की रेघ आपोआप कोरडी, खरखरीत होते. वाळलेला बोरू किंवा बांबूची बारीक कांब धारदार चाकूने तिरकी कापून आणि टोकाला मधोमध उभी चीर देऊन हे साधन घरी तयार होते. मुलांनी हे काम मोठ्या माणसाला सोबत घेऊनच करावे.

शाई कोणती वापरावी? फाउंटन पेनची शाई आणि ड्रॉइंग इंक यांत फरक काय?

फरक मोठा आहे आणि तो माहीत नसल्यामुळे पुष्कळांची पेने वाया जातात. फाउंटन पेनच्या नेहमीच्या शाईत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. ती पेनातून सहज वाहते, परंतु पाणी लागले की पसरते आणि उन्हात ठेवलेल्या चित्रातून हळूहळू उडून जाते. जलरोधक ड्रॉइंग इंकमध्ये काजळीचे सूक्ष्म कण असतात आणि ते कागदाला धरून राहावेत म्हणून बहुधा लाखेसारखे बंधक द्रव्य घातलेले असते. वाळल्यावर ती पाण्याने हलत नाही आणि काजळी कार्बनच असल्यामुळे तिचा काळा रंग उडतही नाही. मात्र हीच शाई फाउंटन पेनात भरली तर आतील बारीक वाहिनीत वाळून घट्ट बसते. माझ्या वडिलांचे एक चांगले पेन मी पहिल्याच वर्षी अशा प्रकारे कायमचे निकामी केले. त्यामुळे ड्रॉइंग इंकसाठी टाक, बोरू किंवा कुंचलाच वापरावा आणि काम संपताच तो धुवावा.

आपण घेतलेली शाई कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्यासाठी कागदावर चार रेघा माराव्यात, तासभर वाळू द्याव्यात आणि त्यांवरून ओला कुंचला फिरवावा. रेघा जागच्या जागी राहिल्या तर त्यांवर पातळ शाईची छटा देता येईल. रेघा पसरल्या तरी ती शाई टाकून देऊ नये, कारण त्या पसरण्याचा उपयोग पावसाळी आभाळ काढताना फार सुंदर होतो.

जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या कॅमलिनची सुरुवात शाईपासूनच झाली आणि मराठी घरांतील कित्येक पिढ्यांची दौत त्याच शाईने भरली गेली. आपल्या सीमाभागात तर ‘शाई’ हा शब्द शेजारच्या कन्नडभाषक घरातही जवळपास तसाच, ‘शायी’ असा ऐकू येतो.

कागद कसा असावा? शाई कागदावर फुटते, ती का?

झेरॉक्सचा नेहमीचा कागद सुमारे ७० ते ८० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) असतो. त्यावर बॉलपेन चालते, पण टाकाची शाई मागे उमटते आणि कुंचल्याच्या ओलाव्याने कागदाला लाटा येतात. १२० ते १६० जीएसएमचा कार्ट्रिज कागद रोजच्या रेखाटनाला योग्य ठरतो. शाईत पाणी मिसळून छटा द्यायच्या असतील तर २०० जीएसएमच्या पुढचा कागद घ्यावा.

शाई फुटण्याचे कारण कागदाच्या खळीत आहे. शहापूर-वडगावचे विणकर मागावर चढवण्यापूर्वी ताण्याला खळ देतात, ती सुताला बळकटी यावी म्हणून. कागदालाही तशीच खळ दिलेली असते, ती शाई तंतूंमध्ये भराभर शोषली जाऊ नये म्हणून. खळ कमी असली किंवा कागद दमट हवेत बराच काळ पडून राहिला तर शाई तंतूंच्या वाटेने पसरते आणि रेघेला केसाळ कडा येतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा सतत ओलसर असते, खानापूरच्या जंगलपट्ट्यात तर अधिकच आणि ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाच्या सरी संध्याकाळी येऊन जातात. म्हणून कागद पावसाळ्यापूर्वी आणून ठेवू नये. आणलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून आडवा ठेवावा.

आधी पेन्सिलने कच्चे रेखाटन केले तर चालते का?

चालते. उपक्रमाच्या मूळ नियमातही त्याला आडकाठी नाही. फक्त शाई पूर्ण वाळल्याशिवाय खोडरबर लावू नये. दमट दिवशी निदान अर्धा तास थांबावे. महिन्याच्या उत्तरार्धात पेन्सिल हळूहळू कमी करत जावी.

रोज किती वेळ द्यावा लागतो?

अर्धा तास धरल्यास ३१ दिवसांचे साडेपंधरा तास होतात. यापेक्षा अधिक वेळ रोज देण्याचा संकल्प करणारे बहुतेक जण दुसऱ्या आठवड्यात थांबलेले मी पाहिले आहेत. वेळ आटोक्यात ठेवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे कागदाचा आकार लहान ठेवणे. ए-४ कागदाचे चार सारखे भाग केले की ए-६, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटरचा तुकडा मिळतो आणि रोजच्या चित्राला तो पुरतो. वेळही ठरलेली असावी. सकाळच्या चहानंतर किंवा रात्री जेवणानंतर असे एखाद्या नेहमीच्या कामाला चित्र जोडले की ते आठवावे लागत नाही.

रोज नवा विषय कोठून आणायचा? इंग्रजी शब्दयादी आम्हाला परकी वाटते.

मग ती बाजूला ठेवून आपली यादी करावी. आपण राहतो तो प्रदेश रेषेच्या दृष्टीने अत्यंत समृद्ध आहे आणि परक्या यादीतला ड्रॅगन मोबाइलवर शोधून त्याची प्रतिकृती काढण्यापेक्षा परसातला रहाट समोर बसून काढण्यात पाहण्याचा अभ्यास कितीतरी अधिक होतो.

पहिला आठवडा घरातच घालवावा. पाटा-वरवंटा, विळी, कंदील, दाराची कडी, जुनी शिवणयंत्रे, खुंटीवरची पिशवी, चपलांचा ढीग यांपैकी काहीही चालेल. एकच वस्तू तीन दिवस तीन बाजूंनी काढली तरी हरकत नाही. त्यानंतर गल्लीत यावे. खानापूरची माती कौले आणि मडकी यांसाठी ओळखली जाते आणि कौलारू छप्पर हा तर शाईचा आवडता विषय आहे. मात्र प्रत्येक कौल काढू नये. कडेच्या दोन ओळी नीट काढून मधला भाग काही तुटक रेघांवर सोडला तर डोळा उरलेली कौले स्वतःच भरून घेतो. शहापूर-वडगावच्या विणकरांच्या घरातील माग, धोटा आणि ताण्याचे धागे, गणपत गल्लीतील फुलवाल्यांच्या टोपल्या, निपाणीच्या बाजारातील पोती, पिवळे पडू लागलेले भाताचे शिवार, राजहंसगडाची तटबंदी, हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिराचे शिखर एवढ्यावरच पंधरवडा सहज निघतो.

गोकाकचा धबधबा अनेकांना काढायचा असतो आणि अनेकांचा तो फसतो. सुमारे ५२ मीटर उंचीवरून पडणारे पाणी रेघांनी भरायला गेले की पाण्याऐवजी केस दिसू लागतात. पाणी काढूच नये. कड्याचा दगड, त्याच्या भेगा आणि सावल्या गडद भराव्यात आणि पाण्याची जागा कोरी सोडावी. शाईचित्रात पांढरा रंग नसतो, कागदच पांढऱ्याचे काम करतो. हे ज्या दिवशी हाताला कळते त्या दिवसापासून चित्रे बदलतात.

आपली यादी मराठीत करावी आणि शेजारी कन्नडभाषक मित्र असेल तर अर्धी त्याच्याकडून घ्यावी. त्याच्या घरातील वस्तू आणि आपल्या घरातील वस्तू बहुधा त्याच निघतात, पण त्याला सुचलेले शब्द आपल्याला सुचलेले नसतात.

एकाच काळ्या शाईने छाया-प्रकाश कसा दाखवावा?

रेघांच्या दाटीने. समांतर रेघा जवळजवळ मारल्या की गडद आणि दूर मारल्या की फिकट छटा दिसते. त्यांवर दुसऱ्या दिशेने रेघांचा थर दिला की अधिक गडद जाळी तयार होते, त्याला क्रॉसहॅचिंग म्हणतात. ताणा आणि बाणा डोळ्यांसमोर ठेवले तर ही पद्धत लगेच समजते. फक्त कापडासारखा काटकोन न ठेवता दुसरा थर थोडा तिरका द्यावा, नाहीतर छायेऐवजी खिडकीची जाळी दिसते. पहिला थर वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये.

रेघांची दिशा वस्तूच्या आकाराप्रमाणे वळली पाहिजे. यासाठी बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे माझ्या मते या भागातील सर्वांत चांगले विद्यालय आहे. रट्ट राजवटीत १२०४ साली बांधलेल्या या जैन मंदिरातील खांबांवर कातीव वलये आहेत. त्या वलयांच्या वळणाला धरून छायेच्या रेघा मारल्या की खांब गोल दिसतो. त्याच रेघा सरळ उभ्या मारल्या की तोच खांब सपाट फळी वाटतो. छतातील दगडी कमळ मात्र पहिल्या वर्षी काढू नये. त्याची एकच पाकळी, तिच्या खोलगट भागातील सावलीसह, मोठी करून काढावी. ठिपक्यांनीही छटा देता येते, परंतु त्याला फार वेळ लागतो आणि ते काम सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवावे.

बाहेर बसून चित्र काढताना परवानगी लागते का?

रस्त्यावर, बाजारात, शेताच्या बांधावर सहसा कोणी अडवत नाही. तरी बेळगाव हे लष्करी ठाणे आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र येथेच आहे आणि लष्कराच्या ताब्यातील इमारती, फाटके किंवा मैदाने यांची चित्रे काढू नयेत. मंदिर, बस्ती, दर्गा, मशीद अशा ठिकाणी तेथील व्यवस्थापकांना विचारून आणि पूजा-नमाजाची वेळ टाळून बसावे. माणसांची चित्रे काढताना नुसते मानेने विचारले तरी पुरते. काढून झालेले चित्र त्यांना दाखवावे. भाजीवाल्या मावशींनी एकदा माझे चित्र निरखून तराजूची साखळी उलट्या बाजूला काढल्याचे सांगितले होते आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते.

चूक झाली किंवा डाग पडला तर काय करावे?

त्याच कागदावर चित्र पूर्ण करावे. हा एक नियम मात्र मी कटाक्षाने पाळायला सांगतो. चुकलेल्या रेघेशेजारी बरोबर रेघ काढली की डोळा बरोबर रेघच धरतो. ओला डाग पुसू नये. टीपकागदाचा कोपरा वरून अलगद टेकवावा. उरलेला डाग गडद छायेत सामावून घेता येतो. जाड कागदावरील लहान चूक ब्लेडच्या पात्याने हलकेच खरवडता येते, परंतु खरवडलेल्या जागी खळ निघून गेलेली असते आणि तेथे पुन्हा शाई लावली तर ती फुटते.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन चित्रे काढावीत का?

काढू नयेत. चुकलेला दिवस सोडून द्यावा आणि आजचे चित्र काढावे. साठलेल्या चित्रांचे कर्ज फेडण्याच्या नादात उपक्रम सोडलेले लोक मला माहीत आहेत.

दसरा-दिवाळीच्या धामधुमीत हे कसे जमणार? शाळकरी मुलांनी काय करावे?

कर्नाटकातील शाळांना दसऱ्याची मोठी सुट्टी असते, त्यामुळे मुलांसाठी हा महिना उलट सोयीचा आहे. लहान मुलांनी टाक-दौतीपेक्षा जेल पेन किंवा स्केचपेन वापरावे आणि दिवसाला पंधरा मिनिटांवर समाधान मानावे. दिवाळी ज्या वर्षी ऑक्टोबरमध्ये येते त्या वर्षी मुलांना विषय शोधावाच लागत नाही, कारण अंगणात मातीचा किल्ला उभा राहत असतो. दगड रचताना एक, चिखल लिंपताना एक, मावळे मांडल्यावर एक आणि अळीव उगवून आल्यावर एक, अशी एकाच किल्ल्याची चार चित्रे होतात.

खंडेनवमीविषयी नेहमी विचारणा होते. अनेक घरांत त्या दिवशी कामाची अवजारे पूजेला मांडतात आणि वापरत नाहीत. आमच्या घरी माझा टाक, दौत आणि कुंचले कोयता-कुऱ्हाडीशेजारी पूजेला असतात. त्या दिवशीचे चित्र मी अंगणातली काडी वाटीतल्या शाईत बुडवून काढतो आणि पूजेत मांडलेली अवजारे हाच त्या दिवसाचा विषय असतो.

दुसऱ्यांची चित्रे पाहून काढणे योग्य आहे का?

अभ्यासासाठी आठवड्यातून एकदा अवश्य काढावे आणि कोणाच्या चित्रावरून काढले ते खाली लिहावे. आपल्या आजूबाजूचीच उदाहरणे पुरेशी आहेत. कोल्हापुरात जन्मलेले वसंत सरवटे (१९२७–२०१६) मोजक्या रेषांत माणसाचा स्वभाव उभा करत. घाटाखालच्या गोव्यातील मारिओ मिरांडा (१९२६–२०११) कागदाचा कोपरान् कोपरा बारीक रेघांनी आणि माणसांच्या गर्दीने भरत. एक दिवस एकाचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचे चित्र समोर ठेवून काढले तर एखादी रेघ कोठे गाळावी आणि कोठे दाटी करावी हे हाताला समजते. बेळगावला स्वतःचीही परंपरा आहे. के. बी. कुलकर्णी यांच्यासारखे चित्रकार येथे शिकवत होते आणि १९३५ साली बेळगावात जन्मलेले रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली घडले.

टॅब्लेटवर काढलेले चित्र चालेल का?

कोणी अडवणार नाही. तथापि टॅब्लेटवर मागे जाण्याचे बटण असते आणि वर सांगितलेला पाहण्याचा सारा अभ्यास ते बटण काढून घेते. हा एक महिना तरी कागदावर काढावे, असे मला मनापासून वाटते.

मी डावखुरा आहे. हाताखाली शाई पुसली जाते.

छायेच्या रेघा उजवीकडून डावीकडे घेत याव्यात आणि हाताखाली कोरा कागद ठेवावा. उजव्या हाताने काढणाऱ्यांनीही दमट दिवसांत तो ठेवावा.

चित्राचा चांगला फोटो कसा घ्यावा आणि महिना संपल्यावर चित्रे कशी जपावीत?

फोटो दिवसा, खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी घ्यावा. मोबाइल कागदाला समांतर धरावा आणि फ्लॅश वापरू नये. छापण्यासाठी हवे असेल तर झेरॉक्सच्या दुकानात ६०० डीपीआयवर (एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन करून घ्यावे, कारण बारीक रेघा कमी डीपीआयमध्ये तुटतात.

प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलने तारीख, ठिकाण आणि वापरलेली शाई लिहावी. पुढच्या वर्षी कोणती शाई उडाली आणि कोणती टिकली हे त्यावरूनच कळते. दोन चित्रांमध्ये बटर पेपर घालून सगळी चित्रे पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये आडवी ठेवावीत. फाइल भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नये, आपल्याकडच्या भिंतींना पावसाळ्यात ओल येते. पहिल्या पावसाच्या आधी एकदा आणि गणपतीच्या सुमारास एकदा ती उघडून चित्रांना वारा द्यावा.